खोक्यावरचा ५जी

२४ फेब्रुवारी २०२० रोजी रियलमीने ‘एक्स५० प्रो ५जी’ हा फोन भारतात आणला. किंमत ३७,९९९ रुपयांपासून पुढे, आणि जाहिरात ‘भारतातला पहिला ५जी फोन’ अशी. दुसऱ्याच दिवशी आणखी एका कंपनीने आपला ५जी फोन बाजारात उतरवला. त्या आठवड्यात सामान्य ग्राहकाला ५जीची सेवा देणारा एकही टॉवर देशात नव्हता. सेवेसाठी लागणाऱ्या स्पेक्ट्रमचा लिलावसुद्धा झालेला नव्हता. तो झाला २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ५जीचे उद्घाटन झाले. मधली अडीच वर्षे फोनच्या खोक्यांवर ५जीचा शिक्का झळकत होता आणि लोक भविष्याचे पैसे आगाऊ मोजत होते.

खरी गंमत उद्घाटनानंतरची आहे. एअरटेलने पहिल्या दिवशी ज्या आठ शहरांची नावे घेतली त्यांत मुंबई होती, नागपूरही होते. टॉवर सुरू झाले, आणि ज्यांनी दोन वर्षांपूर्वी हौसेने ५जीचा फोन घेतला होता त्यांच्यातल्या अनेकांच्या पडद्यावर ४जीच दिसत राहिले. चिप ५जीची, अँटेना ५जीचा, पण सॉफ्टवेअरने आतून कडी लावलेली. ती काढणारा अपडेट कंपनीने पाठवायचा होता आणि तो आलेला नव्हता. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना फोन कंपन्यांना बैठकीला बोलावून ‘कधी देताय’ असे विचारावे लागले. अ‍ॅपलने आयफोन १२ भारतात विकायला सुरुवात केली २०२० च्या ऑक्टोबरअखेर. त्या फोनवर इथले ५जी उघडले ते आयओएस १६.२ आल्यावर, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात.

फोन कंपन्या नवे बिनतारी तंत्रज्ञान झटपट स्वीकारतात की नफ्यावर डोळा ठेवून ते अडवून धरतात, हा जुना वाद आहे. वरच्या प्रसंगात दोन्ही पक्षांना पुरावा सापडतो, आणि तोही त्याच कंपन्यांच्या त्याच फोनमध्ये. ज्यांनी नेटवर्कच्या दोन-अडीच वर्षे आधी ५जी विकले, त्यांच्यातल्याच अनेकांनी नेटवर्क आल्यावर दोन-अडीच महिने ग्राहकाला ताटकळत ठेवले. म्हणजे घाई आणि दिरंगाई या दोन वेगळ्या वृत्ती नसाव्यात. मला वाटते, त्या एकाच हिशेबाच्या दोन नोंदी आहेत. बिनतारी म्हटले की दोन टोके आलीच. एक आपल्या हातातल्या फोनमध्ये असते. दुसरे कुठेतरी टॉवरवर, उपग्रहावर, दुकानातल्या यंत्रात किंवा आपल्याच कानात असते. त्या दुसऱ्या टोकाची मालकी कोणाची, आणि दोन टोके जुळल्यावर पैसा कोणाच्या पदरात पडतो, एवढे पाहिले की कंपनी कधी धावेल आणि कधी पाय ओढेल हे बहुतेक वेळा आधीच सांगता येते.

दिरंगाईची बाजू आधी घेतो, कारण ती काही वेळा उगाचच बदनाम होते. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यात ३जी नव्हते, एजवर, म्हणजे २जीच्याच सुधारित रूपावर, काम चालायचे. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने २००१ पासून ३जी सुरू केले होते आणि त्याच २००७ साली नोकियाचा एन९५ ३जीवर धावत होता. टीकाकारांनी अ‍ॅपलला झोडपले. स्टीव्ह जॉब्ज यांचे उत्तर असे होते की त्या वेळच्या ३जी चिप बॅटरी खातात आणि जागाही अडवतात. पुढच्याच वर्षी आयफोन ३जी आला. ४जीच्या वेळी हीच गोष्ट पुन्हा घडली. अमेरिकेत एचटीसीचा थंडरबोल्ट २०११ च्या मार्चमध्ये व्हेरायझनच्या एलटीईवर, म्हणजे ४जीवर, सुरू झाला आणि लगेच ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणून प्रसिद्ध झाला. अ‍ॅपलचे टिम कुक यांनी त्याच सुमारास सांगितले की पहिल्या पिढीच्या एलटीई चिप घेतल्या तर फोनच्या रचनेत ज्या तडजोडी कराव्या लागतील त्या आम्हाला नको आहेत. एलटीई आयफोनमध्ये आले ते २०१२ च्या सप्टेंबरात, आयफोन ५ बरोबर. तोवर चिप सुधारल्या होत्या. थंडरबोल्ट आज कोणाला आठवत नाही.

पहिल्या रांगेत उभे राहणाऱ्याचे काय होते हे २०१९ मध्येही दिसले. सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० ५जी हा त्या वर्षीचा मानाचा फोन. अमेरिकेत टी-मोबाइलने विकलेल्या त्याच्या आवृत्तीला फक्त मिलिमीटर वेव्हचे ५जी कळत होते, म्हणजे ज्या लहरी भिंत आली की थांबतात त्या. त्याच टी-मोबाइलने वर्षाच्या अखेरीस ६०० मेगाहर्ट्झवर देशभर ५जी पसरवले, तेव्हा हा महागडा फोन त्या नेटवर्कपुढे मुका ठरला. उन्हाळ्यात तर त्या पिढीचे फोन तापून आपोआप ४जीवर उतरायचे. ज्याने तेव्हा थांबून एक वर्ष कळ काढली, त्याने नुकसान टाळले. तेव्हा उशीर म्हणजे लोभ हे समीकरण कच्चे आहे.

पण हाच न्याय अ‍ॅपलच्या ५जीच्या उशिराला लावता येत नाही. सॅमसंग, एलजी, शाओमी २०१९ मध्ये ५जी विकत होत्या आणि आयफोन ११ मात्र ४जीवरच आला. या वेळी अडचण बॅटरीची नव्हती, कोर्टाची होती. क्वालकॉम मॉडेमची चिप विकते आणि वर पेटंटांपोटी फोनच्या किमतीवर टक्केवारीही घेते. अ‍ॅपलचे म्हणणे साधे होते: चिप तुमची, तर पैसे चिपचे घ्या; आमच्या पडद्याचे, कॅमेऱ्याचे, आमच्या नावाचे पैसे तुम्ही का घेता? २०१७ च्या जानेवारीत अ‍ॅपलने खटला भरला, २०१८ चे आयफोन इंटेलच्या मॉडेमवर काढले, आणि मग इंटेललाच ५जीचा मॉडेम वेळेवर जमेना. १६ एप्रिल २०१९ ला सॅन दिएगोच्या न्यायालयात सुनावणी नुकती सुरू झाली असताना दोघांनी तडजोड केली. त्याच दिवशी इंटेलने ५जी फोनच्या मॉडेममधून अंग काढून घेतले. काही महिन्यांनी अ‍ॅपलने इंटेलचा तो विभाग एक अब्ज डॉलरला विकत घेतला. त्यातून पुढे स्वतःचा मॉडेम तयार झाला आणि तो पहिल्यांदा ग्राहकाच्या हातात पडला २०२५ च्या फेब्रुवारीत, आयफोन १६ई मध्ये. हे सगळे कशासाठी? दर आयफोनमागे क्वालकॉमला जाणारे साडेसात डॉलर. हा आकडा अ‍ॅपलच्या बड्या अधिकाऱ्यानेच २०१९ च्या जानेवारीत, अमेरिकी व्यापार आयोगाने क्वालकॉमवर भरलेल्या दुसऱ्या खटल्यात साक्षीत सांगितला.

२०११ चा उशीर शहाणपणाचा आणि २०१९ चा सौदेबाजीचा. पण ग्राहकाला दोन्ही वेळी एकच चित्र दिसले, आणि दोन्ही वेळी त्याला ‘योग्य वेळ येऊ दे’ असेच ऐकवले गेले. कंपनीचे हेतू बाहेरून वाचता येत नाहीत, ही या विषयातली मोठी अडचण आहे. २०१६ चा आयफोन ७ तर याहून मासलेवाईक. काही फोनांत क्वालकॉमचा मॉडेम होता, सेकंदाला ६०० मेगाबिटपर्यंत जाऊ शकणारा. काहींत इंटेलचा, ४५० पर्यंतचा. चाचण्या करणाऱ्यांना आढळले की क्वालकॉमच्या मॉडेमचा वेग पुरता वापरलाच जात नाही. दोन्ही फोन सारखे वाटावेत म्हणून चांगल्याला आवर घातला गेला, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या वस्तूचे पैसे ग्राहकाने भरले तिचा एक हिस्सा त्याच्या खिशात पडून होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

महागड्या फोनच्या जगातून स्वस्त फोनच्या जगात आलो की रॉयल्टीचा काटा जास्त रुततो. ५जीसाठी एरिक्सनने २०१७ मध्ये जाहीर केलेला दर फोनमागे पाच डॉलर, स्वस्त फोनसाठी अडीच. नोकियाचा २०१८ चा दर कमाल तीन युरो. क्वालकॉमची टक्केवारी सव्वातीन, चारशे डॉलरच्या मर्यादेपर्यंत. घासाघीस होऊन हे आकडे खाली येतात, पण दारात उभे असलेले वसुलीदार हे तिघेच नाहीत. आता दुसऱ्या बाजूला शाओमीचे लेई जून यांनी २०१८ मध्ये दिलेले वचन ठेवा: फोनसारख्या वस्तूंवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. दहा हजारांच्या फोनवर पाच टक्के म्हणजे पाचशे रुपये. एरिक्सनचे अडीच डॉलर म्हणजे साधारण दोनशे. अशा फोनमध्ये एखादा जास्तीचा बँड (लहरींचा पट्टा), एक फिल्टर, एक अँटेना घालायचा की नाही, हा प्रश्न अभियंत्याच्या टेबलावरून हिशेबनिसाच्या टेबलावर जातो, आणि त्यात मला फारसे पाप दिसत नाही. रॉयल्टी बुडवून चालत नाही हे आपल्याकडच्या लावा कंपनीला चांगलेच कळले. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले.

इथे थोडे आडवळण. ज्या मिलिमीटर लहरींवरून आज एवढे अर्थकारण चालते, त्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात निर्माण करून, टिपून दाखवल्या होत्या. पेटंट घ्यायला त्यांचे मन तयार नव्हते. स्नेह्यांनी गळ घातली तेव्हा अमेरिकेत एक पेटंट झाले, १९०४ साली मंजूर झालेले. त्याच लहरींची किंमत २०२० साली गूगलने अगदी उघड करून दाखवली. पिक्सेल ४ए ५जी हा फोन अमेरिकेत ४९९ डॉलरला होता. व्हेरायझनसाठी मिलिमीटर वेव्ह घातलेली त्याची आवृत्ती ५९९ ला. व्हेरायझनला आपले नवे नेटवर्क मिरवायचे होते आणि शंभर डॉलर ग्राहकाने मोजले. अ‍ॅपलनेही आयफोन १२ मध्ये मिलिमीटर वेव्ह दिले, पण फक्त अमेरिकेत. आयफोन १२ च्या सोहळ्यात व्हेरायझनचे प्रमुख व्यासपीठावर येऊन बोलले होते, हे आठवले तर ‘फक्त अमेरिकेत’ का, ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि १६ई मध्ये स्वतःचा मॉडेम घालण्याची वेळ आली तेव्हा अ‍ॅपलने मिलिमीटर वेव्ह अमेरिकेतही वगळले.

आता घाईकडे वळू. अलीकडच्या काळात सर्वांत वेगाने पसरलेले बिनतारी तंत्र कोणते? माझ्या मते ना ४जी, ना ५जी. कानातले वायरलेस इअरबड. ब्लूटूथ गेल्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि वर्षानुवर्षे ते फोनमध्ये निमूटपणे पडून होते. ७ सप्टेंबर २०१६ ला अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले, व्यासपीठावरून त्याला ‘धाडस’ म्हटले, आणि त्याच कार्यक्रमात १५९ डॉलरचे एअरपॉड दाखवले. सॅमसंगने आधी जाहिरातींतून त्याची टिंगल केली आणि २०१९ च्या नोट १० मधून स्वतःही छिद्र बुजवले. इथे दुसरे टोकही कंपनीनेच बनवलेले आणि तिनेच विकलेले होते. ना टॉवरची वाट, ना सरकारी परवानगीची. अशा वेळी नावीन्याचा वेग थक्क करणारा असतो. एअरपॉड चांगले आहेत की वाईट हा इथला मुद्दा नाही, माझ्या ओळखीतले निम्मे लोक त्यांच्यावर खूश आहेत. पण जुनी सोय काढून घेतल्याशिवाय नवी इतक्या झपाट्याने खपली असती का, असे विचारायला हरकत नसावी.

त्या छिद्राबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची वाच्यता फार कमी झाली. ती म्हणजे एफएम रेडिओ. फोनमध्ये एफएम ऐकायचा तर इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. वायर गेली, रेडिओ गेला. तसाही तो बऱ्याच महागड्या फोनांत बंदच ठेवलेला असे. रेडिओ फुकट असतो, त्याला डेटा लागत नाही, आणि तो ऐकणाऱ्याकडून फोन कंपनीला किंवा नेटवर्कवाल्याला छदाम मिळत नाही. २०१७ च्या चक्रीवादळांनी अमेरिकेत आणि पोर्तो रिकोत मोबाइलचे टॉवर कोलमडले, तेव्हा तिथल्या दळणवळण आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी अ‍ॅपलला जाहीर विनंती केली की एफएम सुरू करा. अ‍ॅपलने कळवले की आयफोन ७ आणि ८ मध्ये त्यासाठी लागणारी चिप नाही आणि अँटेनाही नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन उद्योगाला सूचना केली की एफएमची सोय असेल तर बंद करू नका, नसेल तर द्या. सूचनाच ती. तिच्यामुळे कोणाचे दुकान अडले नाही.

एनएफसीची कथा या दोहोंच्या मधली. दुकानातल्या यंत्राजवळ फोन धरला की पैसे जातात, ते हे तंत्र. नोकियाने ते २००७ च्या आगेमागे फोनमध्ये आणले, गूगलने २०१० च्या नेक्सस एसमध्ये. अ‍ॅपल आला २०१४ मध्ये, आयफोन ६ बरोबर, आणि आल्या आल्या दार लावून बसला. चिप होती, पण तिच्यावरून पैसे द्यायचे तर फक्त अ‍ॅपल पेने, ज्यात व्यवहारामागे बँकांकडून अ‍ॅपलला वाटा मिळतो. दुसऱ्या कोणाच्या अ‍ॅपला पैशांच्या व्यवहारासाठी त्या चिपपर्यंत हात नव्हता. युरोपीय आयोगाने मागे लागून २०२४ च्या जुलैमध्ये अ‍ॅपलकडून दहा वर्षांसाठी हे दार उघडे ठेवण्याचे बंधनकारक वचन घेतले. चिप फोनमध्ये येणे आणि ती ग्राहकाच्या कामी येणे यांत इथे दहा वर्षे गेली. भारतात उलटे झाले. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि दुकानदाराला छापील क्यूआर कोड पुरला. मग कंपन्यांनी एकाच मॉडेलच्या युरोपातल्या आवृत्तीत एनएफसी ठेवले आणि इथल्या आवृत्तीतून ते उडवले. याला मी कंजूषपणा म्हणणार नाही. भाजीवाल्याकडे दुसरे टोक नसेल तर फोनमधली चिप नुसती बसून राहणार.

दुसरे टोक सरकारकडे असले तर काय होते, याचे उदाहरण नाविक. इस्रोची ही स्वतःची दिशादर्शन यंत्रणा. २०२० च्या जानेवारीत क्वालकॉमने नाविक कळणाऱ्या तीन स्वस्त-मध्यम चिप जाहीर केल्या, म्हणजे चिप बनवणाऱ्याची तयारी होती. बहुतेक फोन कंपन्यांची नव्हती. २०२२ मध्ये सरकारने त्यांच्याशी चर्चा करताना जानेवारी २०२३ पासून नाविक हवे असा आग्रह धरला, तेव्हा कंपन्यांनी खर्च आणि वेळ पुढे केला. मोठ्या बाण्याने बोलायचे तर हा स्वदेशीला विरोध. पण तपशील पाहिला की कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ ठरत नाही. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या पट्ट्यांत बोलत होते. जीपीएस, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदौ एल१ वरही बोलतात, आणि स्वस्त फोनचा अँटेना नेमका तेवढ्या एल१ साठी बनवलेला असतो. नाविकसाठी प्रत्येक स्वस्त फोनात वेगळे सुटे भाग बसवा, असे सांगण्यासारखे ते होते. आणि फायदा? वाट दाखवायला जीपीएस फुकट हजर आहे. ग्राहक नाविकसाठी एक रुपयाही जास्त देणार नाही. फायदा देशाच्या सुरक्षिततेचा, म्हणजे सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हणून कोणत्याच कंपनीचा नाही.

इस्रोने मग शहाणपणा केला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात एल१ घातले. त्याच वर्षी आलेल्या आयफोन १५ प्रोच्या तांत्रिक तक्त्यात नाविकचे नाव झळकले. हुकमाने जे रेटत नव्हते ते खर्च उतरण्याची वाट मोकळी झाल्यावर पुढे सरकले. पण दुसरे टोक सांभाळण्याची जबाबदारी सरकारचीही असते. २०२५ च्या जानेवारीत गेलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. कंपन्यांना तारखा द्यायच्या तर आपले उपग्रह तारखेला जागेवर हवेत. वायफायचेही तसेच. सॅमसंगच्या २०२१ च्या एस२१ अल्ट्रात ६ गिगाहर्ट्झचे वायफाय होते. अमेरिकेने तो पट्टा २०२० मध्ये खुला केला होता, आणि भारतात त्याचा खालचा भाग विनापरवाना करण्याच्या नियमांचा मसुदा निघाला २०२५ च्या मे महिन्यात. इथे फोन तयार होता, कायदा तयार नव्हता. प्रत्येक उशीर कंपनीच्या माथी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

मग फोन कंपन्या हलतात कशाने? भारतापुरते उत्तर ५ सप्टेंबर २०१६ ला मिळाले. जिओ सुरू झाले ते फक्त ४जीवर. मागे २जी किंवा ३जीचा आधार नव्हता, त्यामुळे साधा फोन कॉलसुद्धा व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय, असेल तरच लागायचा. तोवर भारतात ४जी म्हणून विकलेल्या अनेक फोनांना व्होल्टीई ठाऊकच नव्हते. डेटा ४जीवर, बोलणे २जी-३जीवर, असा सुखाचा संसार होता आणि तो मोडण्याची कोणाला घाई नव्हती. अशा फोनवाल्यांना जिओचे वेगळे अ‍ॅप घालून बोलावे लागे. ज्याला दुसऱ्या टोकाची सर्वांत जास्त गरज होती त्या रिलायन्सने मग फोनच्या धंद्यातच उडी घेतली. आधी ‘लाइफ’ नावाचे स्मार्टफोन आणि २०१७ च्या जुलैत पंधराशे रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर जिओफोन. फोन कंपन्यांच्या लक्षात आले की व्होल्टीई नसलेला फोन आता खपणार नाही, आणि थोड्याच काळात ते स्वस्तातल्या स्वस्त स्मार्टफोनात मुकाट्याने येऊन बसले. त्याआधी दोन सिमच्या वेळी मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी नोकियाला असेच हलवले होते. नोकियाला दोन सिमचा फोन जाहीर करायला २०१० उजाडावे लागले, आणि तोवर इथल्या ग्राहकाने आपले सिम दुसऱ्याच्या फोनात घातले होते.

जिओच्या या गोष्टीला टाळ्या वाजवताना थोडे थांबतो. रिलायन्सने हे लोककल्याणासाठी केले नाही. नफा इथेही होता, फक्त तो फोनमध्ये नसून टॉवरवर होता. नफ्याला तंत्रज्ञानाचा शत्रू मानणाऱ्यांना हे अडचणीचे जाते. आणि ‘स्पर्धा सगळे नीट करते’ असे मानणाऱ्यांनाही ते पुरते सोयीचे नाही, कारण फोन कंपन्यांची आपसातली स्पर्धा तोवर जोरात चालू होती आणि तिने व्होल्टीई आणले नव्हते. बाहेरचा कोणीतरी यावा लागला.

आपसातल्या स्पर्धेने ते का आणले नाही? कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते की ग्राहक मागतो ते आम्ही देतो. ग्राहक काय मागतो? त्याला जे दिसते ते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दिसतात, बॅटरीचा आकडा दिसतो, खोक्यावरचा ५जी दिसतो. बँड दिसत नाहीत. एका फोनात भारतात लागणारे दहा बँड असतील आणि दुसऱ्यात एक, तरी दोन्ही खोक्यांवर शिक्का सारखाच. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल तर चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून उठतो, असे त्यांनी दाखवले. २०२० ते २०२२ मधल्या ५जी फोनांना हे चपखल लागू पडते. तेव्हाच्या अनेक फोनांत ५जीचे एक-दोनच बँड होते. पुढे जिओने लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, जो घराच्या आत खोलवर पोचतो, आणि आपले ५जी पूर्णपणे स्टँडअलोन पद्धतीने, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय, उभारले. ज्यांच्या फोनात तो पट्टा नव्हता त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि ज्यांच्या फोनाला स्टँडअलोन कळत नव्हते त्यांना जिओचे ५जी मुळीच नाही. जास्तीचे बँड प्रामाणिकपणे घालणाऱ्या कंपनीला त्या अडीच वर्षांत एक रुपया जास्त मिळाला नसेल, कारण ते तपासायला नेटवर्कच नव्हते.

म्हणून मला कंपन्यांना घाई करा किंवा धीर धरा असे सांगण्यात रस नाही. घाई त्यांच्या हिशेबाने होते आणि होत राहील. ६जीची मानके २०३० च्या सुमारास ठरायची आहेत; त्याच्या आधी ‘६जी रेडी’ खोकी आली तर मला नवल वाटणार नाही. सरकारने प्रत्येक तंत्र सक्तीचे करावे हाही उपाय नव्हे. नाविकच्या पहिल्या फेरीत ते दिसले. सक्ती करायचीच असेल तर ती उघडेपणाची करावी. ती स्वस्त असते, आणि कोणते तंत्र चांगले हे ठरवण्याचा भार मंत्रालयावर टाकत नाही.

हे करायला नवे खाते लागत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनांवर एक लेबल लावायला लावले आहे. बॅटरी किती टिकते, फोन पडल्यावर किती तग धरतो, दुरुस्त करायला किती सोपा, हे त्यावर दिसते. रेडिओबद्दल मात्र त्यावर एकही ओळ नाही. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने त्याच वर्षी दुरुस्तीच्या निर्देशांकाचा अहवाल दिला, त्यातही फोन आहेत. आणि आपल्याकडे रेडिओबद्दलचा एक आकडा तर २०१२ पासून सांगावाच लागतो. फोनमधून शरीरात किती ऊर्जा जाते तो एसएआर. *#०७# दाबले की तो पडद्यावर येतो. त्याच पडद्यावर त्याखाली आणखी चार ओळी मावतात: भारतातले कोणते बँड या फोनात आहेत, स्टँडअलोन चालते की नाही, कोणकोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर तो तपासला आहे, आणि आज बंद ठेवलेली सोय कोणत्या तारखेपर्यंत उघडणार.